फाटकासमोर परक्या मोटारी उभ्या असतात. वडिलांना डायलिसिसला वेळेवर कसे न्यावे?

प्रश्न : एरंडवणेकर

नमस्कार. आम्ही पुण्यात एरंडवण्यात एका जुन्या बंगल्यात राहतो. तळमजल्यावर आईवडील आणि वर आम्ही. गल्ली अरुंद आहे. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधून एकच मोटार जेमतेम निघते. गल्लीच्या तोंडाशी एक मंगल कार्यालय आहे. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि तेव्हापासून आषाढापर्यंत आमच्या फाटकासमोर अनोळखी मोटारी उभ्या राहतात. इतकी वर्षे आम्ही हा त्रास सोसला, कारण तो गैरसोयीचा होता, जिवावरचा नव्हता.

गेल्या वर्षी वडिलांचे डायलिसिस सुरू झाले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी सातची पाळी, प्रत्येक वेळी चार तास. अडचण मुख्यतः शनिवारची आहे. आदल्या रात्री सीमांतपूजन होते, बाहेरगावची वऱ्हाडी मंडळी मोटार आमच्या फाटकासमोर लावतात आणि मुक्कामाला निघून जातात. पहाटे सहा वाजता त्या मोटारीचा मालक कोठे झोपला आहे हे शोधणे अशक्य असते.

मागच्या शनिवारी मी सव्वासहाला फाटक उघडले, तर एक पांढरी मोटार फाटकाच्या खांबाला इतकी लागून उभी होती की खांब आणि बंपर यांच्यात दीड वितीची फट होती. आमची मोटार आत अडकली. वडिलांच्या डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडून घेतलेली रक्तवाहिनी, आहे. त्या हाताला धक्का लागता कामा नये, त्यावर दाब येता कामा नये, असे पहिल्याच दिवशी आम्हाला बजावून सांगितले आहे. वडिलांनी तो हात छातीशी धरला, अंग चोरून आडवे होत ते त्या फटीतून बाहेर पडले आणि पलीकडे आल्यावर कठड्याला टेकून बराच वेळ उभे राहिले. मी रिक्षा आणायला चौकापर्यंत पळालो. केंद्रावर पोहोचायला सातला पस्तीस मिनिटे उलटून गेली. त्यांच्या यंत्रावर अकरा वाजता दुसरा रुग्ण ठरलेला असतो, त्यामुळे वडिलांची वेळ अर्ध्या तासाने कमी करावी लागली. शनिवार ते मंगळवार हे आठवड्यातले सर्वांत मोठे अंतर असते. सोमवारी रात्री त्यांना आडवे झोपवेना. उशा लावून बसवून ठेवावे लागले.

फाटकावर ‘वाहन उभे करू नये’ अशी पाटी आहे. बाहेर दोन मोठ्या कुंड्या ठेवून पाहिल्या. त्या लोक उचलून बाजूला ठेवतात. कार्यालयाच्या व्यवस्थापकांना भेटलो, तर रस्त्यावरच्या गाड्यांशी आमचा संबंध नाही, असे उत्तर मिळाले. शेजारचे काका म्हणतात, चाकांतली हवा सोड म्हणजे पुन्हा लावणार नाहीत. मला भांडण नको आहे. शनिवारी पहाटे सहाला फाटक मोकळे हवे, एवढेच हवे आहे. कायद्याने काय करता येते आणि कायमचा उपाय कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


उत्तर १ : कायदेविषयक

आपल्या वडिलांची हकिगत वाचून वाईट वाटले. प्रथम हवा सोडण्याचा विचार मनातून पूर्णपणे काढून टाका. दुसऱ्याच्या वाहनाचे असे नुकसान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली आगळिकीचा गुन्हा ठरू शकतो आणि आज फिर्यादी असलेले आपण उद्या आरोपी व्हाल. शिवाय ज्या गाडीला हलवायचे आहे तिचीच चाके बसवली, तर ती आणखी काही तास तेथून हलणार नाही. खासगी क्रेन बोलावून गाडी ओढून नेणे, चाकाला साखळी घालणे हेही करू नका. तो अधिकार आपल्याला नाही.

आता आपल्या बाजूने काय आहे ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे, इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे करून ठेवता येत नाही. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत बसथांबा, शाळा व रुग्णालयाचे दार आणि अग्निशमनाचा नळ यांच्या जोडीने ‘जागेचे प्रवेशद्वार अडवून’ वाहन लावण्यास स्पष्ट मनाई होती. २०१७ मध्ये त्या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. कलम १२२ मात्र आजही जसेच्या तसे आहे. म्हणजेच मनाई मुळात कायद्यात आहे, आपल्या पाटीमुळे ती निर्माण होत नाही. ‘पाटी अधिकृत नव्हती’ असे कोणी म्हटले, तर हे उत्तर द्यावे. रस्त्यावरील वाहतुकीची अधिकृत चिन्हे कलम ११६ प्रमाणे शासनाने अधिकार दिलेली यंत्रणाच लावू शकते, त्यामुळे आपल्या पाटीला विनंतीपेक्षा अधिक किंमत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्यामुळे त्यांनी फाटक अडवलेले कायदेशीर ठरत नाही.

गाडी उचलण्याबाबत कलम १२७ आहे. दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले, अथवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन उचलून नेण्यास किंवा त्याला जॅमर लावण्यास त्या हद्दीतला गणवेशातील पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो आणि उचलण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो. दंडाची रक्कम मात्र लहान आहे. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यापुढे १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. लग्नाला आलेल्या माणसाला पाचशे रुपयांची फारशी झळ लागत नाही, म्हणून केवळ दंडावर विसंबू नये. सार्वजनिक मार्गात अडथळा आणण्यासाठी न्याय संहितेचे कलम २८५ आहे. त्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मालक समोर येऊनही, रुग्ण आत आहे हे कळूनही गाडी काढण्यास नकार देत असेल, तर न्याय संहितेचेच कलम १२६, म्हणजे अन्यायाने अटकाव, याचाही विचार होऊ शकतो. मात्र त्यासाठी हेतू दाखवावा लागतो. झोपलेल्या माणसाला ते लागू करण्याच्या भरीस पडू नये, असे माझे मत आहे.

पुरावा नीट ठेवा. छायाचित्रात वाहनाचा क्रमांक, आपले फाटक आणि घराचा क्रमांक हे तिन्ही एकाच चौकटीत यावेत. गाडीचे जवळून काढलेले छायाचित्र निरुपयोगी ठरते, कारण ती कोठे उभी होती हेच त्यातून कळत नाही. महाट्रॅफिक ॲपवरून अशी तक्रार करता येते. पण त्यातून चलन निघते, गाडी लगेच हलत नाही. पहाटे तातडी असेल तेव्हा ११२ वर दूरध्वनी करावा आणि पहिल्याच वाक्यात ‘डायलिसिसचा रुग्ण घरात अडकला आहे’ असे सांगावे. ‘गाडी अडकली आहे’ असे सांगितले, तर ती पार्किंगची तक्रार समजली जाते.


उत्तर २ : नाशिकची मीरा

माझ्या सासूबाईंचेही डायलिसिस तीन वर्षे चालले होते, त्यामुळे सोमवारची रात्र म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. कायदा लागू व्हायचा तेव्हा होईल. येत्या शनिवारचे काय, त्याबद्दल लिहिते.

आमच्याकडे डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी सात वाजण्याच्या आत आम्ही आमची मोटार बाहेर काढून फाटकासमोर, तोंड रस्त्याच्या दिशेला करून लावत असू. ती जागा कोणीतरी अडवणारच असेल, तर ती आपणच अडवावी. सकाळी उठल्यावर गाडी सुरू करून निघायचे, मागेपुढे करण्याचाही प्रश्न राहात नाही. आपली मोटार आत अडकणे हाच निम्मा त्रास आहे. एखाद्या शुक्रवारी गाडी बाहेर काढायला उशीर झाला, तर दुचाकी आडवी लावून जागा धरून ठेवावी.

दुसरी गोष्ट, फाटकावरची पाटी बदला. आमच्या पाटीवर ‘नो पार्किंग’ होते, तेव्हा कोणी तिच्याकडे पाहातही नसे, कारण तशी पाटी प्रत्येक घरावर असते. मग आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून घेतले : ‘या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे. पहाटे सहा वाजता रुग्णाला न्यावे लागते. कृपया फाटक मोकळे ठेवा.’ आणि खाली भ्रमणध्वनी क्रमांक. त्यानंतर गाड्या पूर्ण बंद झाल्या असे म्हणणार नाही, पण लोक थांबून वाचू लागले आणि काही जण स्वतः घंटी वाजवून ‘पाच मिनिटे लावू का’ असे विचारू लागले. रात्री दिसेल असा छोटा दिवा पाटीवर जरूर लावा; वऱ्हाड अंधारात येते.

आणखी एक, रुग्णवाहिकेला अडवल्यास दहा हजार रुपये दंड आहे, असे मी वाचले आहे. तेही पाटीवर लिहिता येईल का?


उत्तर ३ : कायदेविषयक

मीराताई, तो दंड मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४-ई मधला आहे आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडी येत असताना चालवत असलेले वाहन बाजूला न घेणाऱ्या चालकासाठी आहे. उभ्या करून ठेवलेल्या गाडीला तो सरळ लागू होत नाही, म्हणून पाटीवर लिहू नये. चुकीचा कायदा लिहिलेली पाटी वाचून एखाद्या जाणत्या माणसाचा बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडतो. आपली मूळची पाटी उत्तम आहे. तीत धमकी नाही, कारण सांगितलेले आहे.


उत्तर ४ : रस्ते विभाग (निवृत्त)

मी महापालिकेच्या रस्ते विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि तेथूनच निवृत्त झालो. या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दुसरी बाजू आपल्याला कदाचित आवडणार नाही, तरी आधी तीच सांगतो.

कुंड्या आत घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २२९ ते २३१ प्रमाणे रस्त्यावर अडथळा होईल असे काहीही ठेवता येत नाही आणि आयुक्त ते नोटीस न देताही काढून टाकू शकतात. फाटकाबाहेरचा रस्ता जसा त्या वऱ्हाडाचा नाही, तसाच तो आपलाही नाही. आपला हक्क आहे तो फाटकातून रस्त्यावर ये-जा करण्याचा. हा भेद नुसता शाब्दिक नाही. मी कितीतरी तक्रारींच्या ठिकाणी गेलो, तेथे तक्रारदाराने स्वतःच दगड, साखळ्या, टायर आणि लोखंडी खुंट्या रोवून पदपथ बळकावलेला असे, आणि मग समोरचा माणूस ‘आधी यांचे काढा’ असे म्हणून मोकळा होई. आपली बाजू स्वच्छ असू द्या. फाटकासमोरचा उतार आपण स्वतः सिमेंट ओतून गटारावर पुढे वाढवला असेल, तर तोही तपासून घ्या.

आता उपाय. आपल्या क्षेत्रीय कार्यालयात रस्ते विभागाकडे अर्ज करून फाटकाच्या रुंदीएवढी पदपथाची कड अधिकृतपणे उतरती करून घ्या आणि ती रंगवण्याची मागणी करा. पुष्कळ जुन्या बंगल्यांसमोर पदपथ सलग असतो किंवा कडच नसते, त्यामुळे रात्री नवख्या माणसाला फाटक कोठे आहे तेच कळत नाही. त्याला एक मोकळी लांबी दिसते. कड खाली उतरली आणि तिच्यावर ठळक पट्टे आले की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. पाटी वाचावी लागते, कड मात्र दिव्यांच्या झोतातच दिसते.

दुसरा अर्ज वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांकडे करावा. गल्लीत एका बाजूला पार्किंग बंद करणे किंवा पी-१, पी-२ म्हणजे सम-विषम तारखांचे पार्किंग लागू करणे हे त्यांच्या अधिकारात येते. महापालिका फक्त त्या आदेशाप्रमाणे फलक उभारते. लोक महापालिकेला अर्ज करतात, मग तो अर्ज इकडून तिकडे फिरत राहतो. आपल्याला पी-१, पी-२ चा फारसा लाभ नाही, कारण एक दिवसाआड गाड्या आपल्याच बाजूला येतील. आपण फाटकाच्या बाजूला पूर्ण मनाई मागावी.

आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दर शनिवारी गाडी नवी असते, मालक नवा असतो. मंगल कार्यालय मात्र तेच असते. त्या इमारतीचा नकाशा मंजूर होताना त्यात वाहनतळ दाखवलेला असणारच, कारण त्याशिवाय सभागृहाला परवानगी मिळत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. बांधकाम विभागाकडे त्या मिळकतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्यास दिलेला दाखला, यांच्या प्रती मागा. मग एखाद्या मुहूर्ताच्या दिवशी तेथे जाऊन पाहा. नकाशात जेथे वाहनतळ आहे तेथे पंगत बसते आहे, आचाऱ्यांची भट्टी लागली आहे किंवा सजावटीचे सामान रचले आहे, असे आढळले तर छायाचित्र काढून नकाशाच्या प्रतीसह तक्रार द्या. अशी तक्रार बाजूला ठेवून देणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जात नाही. ‘रस्त्यावरच्या गाड्यांशी आमचा संबंध नाही’ हे वाक्यही तो नकाशा टेबलावर ठेवल्यावर टिकत नाही.


उत्तर ५ : सांगलीहून

मी समोरच्या बाजूने लिहितो आहे. सहा वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी आम्ही पुण्यात आलो होतो. रात्री साडेअकराला पोहोचलो, गाडीत दोन म्हातारी माणसे आणि झोपलेली मुले होती. कार्यालयाच्या पहारेकऱ्याने ‘आत जागा नाही, पुढे गल्लीत कोठेही लावा’ असे सांगितले आणि मी लावली. फाटक मला दिसले होते. तेथे दिवा नव्हता, आवारात पाने पडलेली होती, म्हणून घर बंद असेल असे मी धरून चाललो. सकाळी मंगलाष्टके चालू असताना ध्वनिक्षेपकावरून एमएच-१० क्रमांकाची गाडी पुकारली गेली. मी बाहेर आलो तेव्हा एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. मुलाला फणफणून ताप होता आणि पाऊण तासापासून त्या मालकाचा शोध घेत होत्या. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. तो प्रसंग मी विसरू शकलेलो नाही.

हे लिहिण्याचे कारण असे की माझ्यासारख्या माणसाला अडवण्याची जागा फाटक नव्हती, तो पहारेकरी होता. त्याने ‘त्या घरात आजारी माणूस आहे, तेवढे एक फाटक सोडा’ असे सांगितले असते, तर मी अर्धा किलोमीटर पुढे गेलो असतो. आपण व्यवस्थापकांना भेटलात. आता पहारेकऱ्याला भेटा, त्याला वडिलांविषयी सांगा आणि आपला क्रमांक देऊन ठेवा. नवरानवरीकडच्या मंडळींचे क्रमांक कार्यालयाकडे असतातच, त्यामुळे पहाटे मालक शोधायची वेळ आली, तर तो शोध तेथूनच सुरू करता येतो. त्या रात्रीपासून मी माझ्या गाडीच्या काचेवर, आतल्या बाजूने, माझा क्रमांक ठळक लिहून ठेवतो.


उत्तर ६ : लेस्टरवासी

मी इंग्लंडमध्ये राहतो. निवृत्त अभियंत्यांनी उतरत्या कडेबद्दल जे लिहिले आहे, त्याला येथील अनुभवाने दुजोरा देतो. येथे घरासमोरची कड नगरपरिषदेकडून, स्वखर्चाने, रीतसर उतरवून घ्यावी लागते. एकदा ती उतरली की २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्याप्रमाणे तिच्यासमोर गाडी लावणाऱ्यावर नगरपरिषद दंडाची नोटीस बजावू शकते, तेथे वेगळा फलक किंवा पट्टा नसला तरीही. राहत्या घराच्या बाबतीत मात्र रहिवाशाने कळवल्यावरच कारवाई होते, कारण ती गाडी त्याच्याच पाहुण्यांची असू शकते. रस्त्यावर जी पांढरी रेघ आखून देतात ती केवळ सूचनेपुरती असते. येथेही खासगी जागेत परक्या गाडीच्या चाकाला कुलूप लावण्यावर २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे स्वतःच कारवाई करण्याचा मोह येथील घरमालकांनाही आवरावा लागतो.


एरंडवणेकर

सर्वांचे मनापासून आभार. कुंड्या आजच आत घेतल्या. शुक्रवारी संध्याकाळी मोटार बाहेर काढून ठेवणे इतके सोपे असताना मला सुचले नाही, कारण माझे सगळे लक्ष त्या गाड्यांवरच होते. पाटीचा मजकूर मीराताईंच्या शब्दांत लिहायला दिला आहे. वडिलांना मात्र आजाराचे नाव पाटीवर नको होते, म्हणून ‘रुग्णाला नियमित उपचारांसाठी न्यावे लागते’ असे लिहून घेतले. पहारेकऱ्याला काल भेटलो. त्याच्या स्वतःच्या आईचे डायलिसिस सोलापूरला चालू आहे. त्याने आपणहून वेळापत्रक लिहून घेतले.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज सोमवारी देणार आहे. निवृत्त अभियंत्यांना एक विचारायचे होते : वाहतूक शाखेकडचा अर्ज एकट्याच्या नावाने द्यावा, की गल्लीतल्या सर्वांच्या सह्या घ्याव्यात? सह्या घ्यायच्या म्हटल्या तर दोन-तीन घरांना विरोध असेल, कारण त्यांच्या स्वतःच्या गाड्या रस्त्यावरच असतात.


रस्ते विभाग (निवृत्त)

दोन वेगळे अर्ज करा. फाटकासमोरची कड आणि तेवढ्याच रुंदीची मनाई, हा अर्ज एकट्याच्या नावाने द्या आणि सोबत डायलिसिस केंद्राचे वेळापत्रक व डॉक्टरांचे पत्र जोडा. त्याला शेजाऱ्यांच्या संमतीची गरज नाही आणि त्यांचे काही बिघडतही नाही. संपूर्ण बाजूच्या मनाईचा अर्ज सह्यांसह नंतर द्यावा. पार्किंगचे आदेश काढताना लोकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात, त्यामुळे ज्या दोन-तीन घरांचा विरोध आहे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, त्यांच्या गाड्यांसाठी समोरची बाजू मोकळी राहील हे त्यांना दाखवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आवक क्रमांक आणि तारीख असलेला शिक्का आपल्या प्रतीवर हवा. फाटकाची रुंदी मोजून अर्जात मीटरमध्ये लिहा आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जास्त मागा, कारण गाडी बाहेर वळवायला तेवढी जागा लागते.